खताच्या खड्ड्यात सापाची अंडी निघाली, मृगाला हळद लावायची आहे. काय करू?

सांदवाडीवाली (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)
24 मे, दुपारी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात, हे मागं गोडनिंबावरच्या अळ्यांचं विचारलं तेव्हा शिकले.

घरामागं आमची सांदवाडी आहे. मुंगन्याचं एक झाड, दोन जाम (ते वांदरांसाठीच लावले असं समजा, आम्हाला वर्षाला पाच-सहा फळं मिळाली तर मिळाली), गोडनिंब, मांडवावर वाल आणि दोडके, कडेला सांभार (कोथिंबीर), आणि चार वाफे हळदीचे. हळद आमच्याकडची, वायगावची. 2016 ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून नागपूरचे पाहुणे जाताना किलोभर बांधून मागतात. फवारणी सांदवाडीत मी करत नाही. शेतात काय होतं ते माझ्या हातात नाही, पण हे चार वाफे माझे आहेत.

खताचे दोन खड्डे आहेत, सहा बाय चारचे, दोन फूट खोल. एक भरत जायचा, दुसरा पिकू द्यायचा. आता पिकलेला खड्डा दिवाळीनंतर भरला होता. त्यात सोयाबीनचं कुटार, निंबाचा वाळला पाला, दोन गायींचं शेण, घरातली सालं-देठं, वरून थोडी काळी माती. माघात एकदा पूर्ण उलथला. एप्रिलच्या 14 तारखेला उकरून पाहिला तेव्हा कुटाराची काडी ओळखू येत नव्हती, मुठीत दाबलं तर लाडूसारखं राहत होतं आणि बोटानं टोचलं की सुटत होतं. म्हटलं झालं, मृगापर्यंत मुरू दे. त्यानंतर फक्त चार-पाच दिवसांनी वरून बादलीभर पाणी शिंपडत होते, नाहीतर या उन्हात उधई लागते.

आज सकाळी सहाला चाळायला बसले. चाळणी गोणपाटावर मांडली आणि पावडं सोडून हातानंच खत ओढायला लागले. कोपऱ्याकडं वीतभर खाली बोटाला काहीतरी मऊ लागलं. पांढरं होतं. टेकोडे (अळिंबी) फुटले की काय असं वाटलं. माती फुंकून पाहिलं तर अंडी. दिसली तेवढी अकरा. कोंबडीच्या अंड्यापेक्षा निमुळती, दोनेक इंच लांब. कवच टणक नाही, भिजवलेल्या चामड्यासारखं. एकमेकांना चिकटलेली, एकावर तर दुसऱ्याचा ठसा उमटलेला. माझ्या बोटानं एकाला खळगी पडली आणि ती तशीच राहिली, वर आली नाही. त्या खळगीचं मला दिवसभर कसंसंच होत आहे.

मी परत खत लोटून दिलं, वर गोणपाट ओला करून टाकला आणि घरात आले. इथून पुढं जे झालं ते सांगायला नको, पण सांगते. सासूबाई म्हणाल्या, "रॉकेल टाक न् काडी लाव. सापाचे अंडे घरात ठेवून राहिली का तू?" घरचे म्हणाले, संध्याकाळी शेतातून आलो की पावड्यानं काढून नाल्यात फेकतो. शेजारचं पोट्टं मोबाईल घेऊन आलं आणि दहाच्या आत गावच्या ग्रुपवर माझा खड्डा पोचला. त्यात कोणीतरी "अजगर" लिहिलं आहे.

काडी मी लावू देणार नाही. एकतर मे महिन्यात, गोठ्यापासून पंधरा पावलांवर, कुटाराच्या ढिगाशेजारी कोण आग लावतं? दुसरं म्हणजे गेल्या पावसाळ्यापासून वाडीत एक लांबलचक पिवळट धामण फिरते. ती दिसायला लागली तेव्हापासून तुरीच्या पोत्यांना उंदरांनी भोक पाडलेलं मी पाहिलं नाही. सासूबाईंचं म्हणणं ती रात्री गायीच्या पायाला वेढा घालून दूध पिते. दूध कमी झालं ते सरकी बंद केल्यापासून, हे मी घरात बोललेली नाही.

मला एवढंच पाहिजे:
ही अंडी धामणीचीच आहेत हे कसं समजेल? दुसरीकडं हलवता येतात का? आणि मृगाला हळद लावायची तर या खड्ड्यातलं खत काढू कसं? दुसरा खड्डा अजून कच्चा आहे.

जाता जाता अजून एक. त्याच खतात करंगळीएवढ्या जाड पांढऱ्या अळ्या निघाल्या, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या. हुमणी असेल तर माझ्या हळदीचं काय?

मास्तर_चिमूर
24 मे, रात्री

ताई, आधी एक गोष्ट. त्या खड्ड्यात हात घालणं आजपासून बंद. बाकी सगळं त्यानंतर.

मी साप पकडणारा नाही, शाळेत शिकवतो. पण आमच्या भागातल्या सर्पमित्रांबरोबर वीसेक वर्षं फिरलो आहे. अंड्यांवरून धामण की नाग हे छातीठोक सांगणारा माणूस भेटला तर त्याला नमस्कार करून पुढं जा. तुम्ही सांगितलेलं माप धामणीला बसतं. नागालाही बसू शकतं. दिवड असती तर अंडी यापेक्षा लहान आणि बहुधा संख्येनं जास्त निघाली असती. सरड्याची तर नखाएवढी असतात. उंदरांचं बीळ किंवा कुजका पाला ही जागा दोघांनाही चालते. फरक आईच्या वागण्यात आहे. नागीण बऱ्याचदा अंड्यांपाशी राहते. सकाळी तुम्ही उघड्या हातानं एवढं उकरलं आणि कोणी फणा काढला नाही, हे चांगलं लक्षण. पण लक्षण म्हणजे खात्री नव्हे. नागाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हापासून विषारी असतं, हे लेकरांच्या घरात विसरू नका.

उद्या 1926 ला फोन लावा. वनविभागाचा टोल-फ्री नंबर आहे. तुमच्या भागातला वनरक्षक किंवा नोंदणी असलेला सर्पमित्र पाठवा म्हणून सांगा. तो येऊन आसपास कात सापडते का पाहील. सापाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा नाल्यात फेकणं किंवा जाळणं हा फक्त दयामायेचा प्रश्न नाही. घरच्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा गणवेशातल्या माणसानं सांगितलेलं बरं.

अंडी हलवण्याबद्दल. कोंबडी अंडी उलटीपालटी करते, सापाचं तसं नसतं. आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूनं चिकटतो आणि तिथंच वाढतो. अंडं फिरलं की तो दबून मरतो. म्हणून जाणकार माणूस उचलायच्या आधी प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलनं खूण करतो आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवतो. चिकटलेली अंडी सुटी करायची नाहीत. हे तुमचं माझं काम नाही. आणि गरज नसेल तर त्याचंही नाही.

खळगी पडलेल्याचं मनाला लावून घेऊ नका. या अंड्यांना ओल कमी पडली तरी खळगी पडते आणि त्यातूनही पिल्लं निघतात.

आता तारखा जुळवू. 14 एप्रिलला तुम्ही उकरलं तेव्हा अंडी नव्हती. म्हणजे ती त्यानंतरची. धामणीची अंडी साधारण दोन महिने घेतात, नागाचीही थोडी मागंपुढं तेवढीच. म्हणजे लवकरात लवकर जूनच्या मध्याला, उशिरात उशिरा जुलैच्या शेवटी. तुमची हळद त्याआधी लागणार. पण खड्डा सहा फुटांचा आहे आणि अंडी एका कोपऱ्यात. सर्पमित्रानं हिरवा कंदील दिला तर समोरच्या टोकाकडून लांब दांड्याच्या पावड्यानं तीन फूट खत ओढून घ्या, मध्ये फळी उभी ठोका आणि उरलेलं जसंच्या तसं सोडा. सगळं काढलं तर वाचलेल्या ढिगाची ओल आणि ऊब दोन्ही जाईल.

तिथंच अंडी का घातली, तेही सांगतो. बाहेर 45-46, रात्री जमीन भेगाळलेली आणि कोरडी. तुमच्या मुरलेल्या खतात मात्र दिवसरात्र सारखीच ऊब आणि तुम्ही चार दिवसांआड शिंपडलेलं पाणी. कच्चा ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, त्यात अंडं शिजेल, म्हणून ती दुसऱ्या खड्ड्यात गेली नाही. तिनं तुमच्या दोन खड्ड्यांतला पिकलेला बरोबर ओळखला.

धामण दूध पीत नाही. पिऊच शकत नाही, चोखायला तिला ओठच नाहीत. हे घरात कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बाभूळबन (यवतमाळ)
25 मे

मास्तरांचं सगळं खरं असेल. पण मी वेगळं सांगणार, राग मानू नका.

गेल्या श्रावणात माझा पुतण्या खाली चटई टाकून झोपला होता. पहाटे पोट दुखते म्हणून उठला. रात्री शेंगा खाल्ल्या होत्या, आम्ही ओवा दिला. अर्ध्या तासानं म्हणे डोळे उघडत नाहीत, पापण्या खाली येऊन राहिल्या. अंगावर दात लागल्याची खूण नाही, सूज नाही. मण्यार होती. आम्ही शहाण्यांनी आधी मंतरणाऱ्याकडं नेलं आणि दोन तास घालवले. मग ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढं जिल्ह्याला, चार दिवस श्वासाच्या मशीनवर. वाचला. आता कॉलेजात जातो, पण मी रात्री दोनदा उठून बॅटरी मारून पाहतो ते पाहतोच.

साप जगू द्या, मी नाही म्हणत नाही. माझ्या भिंतीला लागून नको. ताई, एकच विचारतो, बाकी सोडा: खड्डा झोपायच्या जागेपासून किती पावलं? आणि घराला लागून सरपण, तुराट्या, विटांचा ढीग काय काय आहे? आमची मण्यार खतातून आली नव्हती. ती न्हाणीमागच्या विटांच्या ढिगातून आली. तो ढीग तीन वर्षं "उद्या उचलू" म्हणून पडला होता.

सांदवाडीवाली
25 मे, संध्याकाळी

बाभूळबन दादा, राग कसला. तुमचं वाचून पहिले पावलं मोजून आले. खड्डा ते मागचं दार एकेचाळीस पावलं. पण सरपण? सरपण स्वैपाकघराच्या भिंतीला टेकूनच आहे, पऱ्हाटीच्या पेंढ्या छातीएवढ्या उंच, आणि त्याच्या अलीकडं मी कोंबड्यांना कण्या टाकते. म्हणजे उंदरांना जेवण, सापांना उंदीर, आणि लपायला पऱ्हाटी. मी एकेचाळीस पावलांवरच्या अंड्यांची काळजी करत होते आणि हे चार हातांवर.

आज दुपारभर आम्ही दोघांनी सरपण गोठ्यापलीकडं नेलं, खाली दगड ठेवून त्यावर रचलं. खालच्या पेंढ्यांतून एक विंचू, दोन भेक आणि सासूबाईंचं मागच्या वर्षी हरवलेलं खुरपं निघालं. सासूबाई खुरप्यामुळं जरा नरम आहेत. पोरांच्या अंथरुणाला बाज आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून.

1926 ला फोन केला. उद्या येतो म्हणाले.

गोंदियाची_काकू
27 मे

अळ्यांचं कोणीच सांगितलं नाही म्हणून मी सांगते. चार अळ्या सपाट फरशीवर ठेव आणि बघ कशा चालतात. पाय वर करून, पाठीवर उताणी सरपटत गेली तर ती फुलभुंग्याची. ती कुजलेलंच खाते, तुझं खत बारीक करून देते, हिरव्या मुळाला फारशी जात नाही. पोटावर पडून, वाकडी होऊन, पायांनी धडपडत राहिली तर हुमणी समज. मी साठीला आली बाई, ही युक्ती मला पन्नाशीत समजली. तोपर्यंत सरसकट कोंबड्यांना घालत होती.

हुमणी निघाली तर मारायला औषध आणू नको. सकाळी टोपल्यात काढून उघड्यावर ठेव, भारद्वाज आणि साळुंक्या अर्ध्या तासात टोपलं रिकामं करतात. आमच्याकडं सातभाई पण येतात, पण ते भांडतातच जास्त. आणि कच्चं शेण वाफ्यात घालत जाऊ नको, हुमणी त्याच्यासोबतच येते.

आणखी एक. मटणाचे हाडं, मासोळीचे काटे, शिळं वरण-भात खड्ड्यात टाकत असशील तर बंद कर. उघड्या खड्ड्यात ते टाकलं की कुत्रे येतात, रानडुकरं येतात, आणि आमच्यासारख्या जंगलकाठच्या गावात कुत्र्यामागं बिबट येतो. खड्ड्याला सालं, पाला, शेण, कुटार एवढंच. बाकी कोंबड्यांना नाहीतर गायीला.

नाडेपवाला_पुसद
28 मे

इतका वेळ वाचत होतो, बोटं शिवशिवत होती. ताई, मुळात काळ्या मातीत खड्डा करायचाच कशाला? आमच्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेप काका म्हणतात, त्यांनी आयुष्य घालवलं हे सांगण्यात. काळी माती पावसाळ्यात पाणी सोडत नाही. तुमचा दोन फुटांचा खड्डा जुलैत डबकं होणार. डबक्यात हवा नाही, हवा नाही म्हणून सडतं, सडलं म्हणून वास आणि माश्या. आणि आता तर त्यात अंडी आहेत. पाण्यात बुडाली तर मास्तरांचं सगळं गणित वाया.

म्हणून आत्ताच्या आत्ता: खड्ड्याभोवती वीतभर उंचीचा मातीचा बांध घाला, पाणी जायला उताराकडं चर काढा, आणि वर जुने टिनाचे पत्रे एका बाजूला उतार देऊन टाका. टेकवून नका टाकू, टिन तापतं. चार विटांवर उचलून धरा, म्हणजे हवा खेळेल आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटही राहील.

पुढच्या सालचं सांगतो. काकांचं टाकं जमिनीवर, विटांचं, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीत हवेसाठी झरोके. मला त्यातली आवडते ती काटकसर. काडीकचरा 1400 ते 1500 किलो, पण शेण फक्त 90 ते 100 किलो. कोरडी चाळलेली माती साडेसतराशे किलोच्या आसपास आणि पाणी दीड-दोन हजार लिटर. थरावर थर, कचऱ्यावर शेणाचं पाणी, त्यावर माती. वर झोपडीच्या छपरासारखा उंचवटा करून शेणमातीनं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत आतलं खाली बसतं, तेव्हा परत भरून परत लिंपायचं. उलथायचं नाही. तीन-चार महिन्यांत टाक्यातून तीनेक टन खत निघतं. ज्याच्याकडं एकच गाय आहे त्यानं शेणाच्या गोवऱ्या थापाव्या की खत करावं, हा प्रश्नच काकांनी उडवून लावला. तुमच्या चार वाफ्यांना अर्ध्या मापाचं टाकं पुष्कळ झालं.

लिंपणाला भेग पडली की बुजवत राहायचं. ओल टिकते, आणि साप आत शिरत नाही. माझ्या झरोक्यांना मी जाळी लावली आहे. हे काकांच्या पद्धतीत नाही, माझं आहे. त्याआधी दोन पावसाळे एका झरोक्यात भेक राहत होता, त्याला मी हुसकलं नाही. रात्री व्हरांड्यातल्या दिव्याखालचे किडे खाऊन परत जायचा.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे पिकलेलं खत उन्हाळ्यात ढिगात ठेवूच नका. होळी ते पाडवा या पंधरवड्यात चाळा, पोत्यात भरा, सावलीत ठेवा, पोत्यावर आठवड्याला पाण्याचा हबका मारा. साप अंडी घालायला जागा शोधतो तोवर तुमचा ढीग कच्चा आणि तापलेला असला पाहिजे.

मास्तर_चिमूर
28 मे

पुसदकर, पत्र्याची सूचना एकदम बरोबर, माझ्या लक्षात आली नव्हती. एकच दुरुस्ती. जाळीची भोकं बारीक घ्या, अर्ध्या इंचाच्या आत. मोठ्या भोकाच्या जाळीत धामण अर्धी शिरते आणि खवल्यांमुळं मागं येता येत नाही. मी अशी एक कापून सोडवली आहे. मच्छीची नायलॉन जाळी तर वाडीत कुठंच नको.

सांदवाडीवाली
2 जून

वनरक्षक आणि त्यांच्यासोबत एक पोरगा आला होता, जेमतेम बावीस-तेवीसचा. त्यानं काठीनं बाजूबाजूनं चाचपलं, उकरलं नाही. मुंगन्याच्या बुंध्याशी दगडांत कात सापडली, माझ्या उंचीपेक्षा लांब. ती पसरून त्यानं डोक्याकडचा भाग उन्हात धरला आणि डोळ्यांची मोठी खवलं दाखवली. म्हणाला, कात धामणीची आहे, अंडी तिचीच असतील असं नव्वद टक्के, उरलेले दहा टक्के समजून वागा. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि दुधाचं विचारलंच. तो म्हणाला, "आजी, माझ्याही आजीले मी पाच वर्षं सांगून राहिलो."

त्याच्यासमोरच अर्धा खड्डा लांबून ओढला. अंदाजे आठ टोपली खत निघालं. मध्ये जुन्या दाराची फळी ठोकली. बांध, चर, टिन, सगळं पुसदच्या दादांनी सांगितलं तसं. पोरांना सांगितलं, खड्ड्याकडं गेलात तर मोबाईल बंद. ही धमकी चालते.

अळ्यांची परीक्षा घेतली. बारापैकी नऊ उताण्या सरपटल्या. परत खतात सोडल्या. उरलेल्या तीन टोपल्यात ठेवल्या आणि चहा गाळून येईपर्यंत भारद्वाज येऊन गेला. काकू, तुमच्या पाया पडते.

आठ टोपल्यांत दोनच वाफे झाले. बाकीच्या दोन वाफ्यांत हळद नुसत्या मातीवर लावणार, वर पळसाचा पाला अंथरणार. पाहू.

सांदवाडीवाली
21 जुलै

धागा वर आणते, कारण तिघाचौघांनी निरोप पाठवून विचारलं.

पाऊस यंदा आमच्याकडं एकदम कोसळला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस दार उघडता आलं नाही. चरातून पाणी वाहून जाताना खिडकीतून दिसत होतं. दुसरा, कच्चा खड्डा पाण्यानं पूर्ण भरला, त्यात माझी दोन महिन्यांची सालं तरंगत होती आणि वास स्वैपाकघरापर्यंत. टिनाखालचा मात्र कोरडा राहिला, म्हणजे ओलसर, पाहिजे तसा.

13 तारखेला सकाळी सासूबाई गोठ्यातून हाका मारत आल्या. टिनाच्या कडेला, विटेवर, एक पिल्लू. करंगळीपेक्षा बारीक, हातभर लांब, अंगावर फिकट आडवे पट्टे आणि डोळे एवढे मोठे की सगळं डोकं डोळ्यांचंच. आम्ही दोघी गोठ्याच्या दारात उभ्या. जीभ काढून त्यानं एकदा हवा चाटली आणि विटेखाली गेलं. फोटो काढला नाही, हातात शेणाचं टोपलं होतं. त्या पोराला वर्णन सांगितलं तर म्हणाला धामणीचंच, पण आठवडाभर तरी जवळ जाऊ नका.

काल आठवडा झाला. तो आला, त्यानं फळी काढली आणि लांबून पावड्यानं खत ओढलं. टरफलं निघाली. टोकाला ब्लेडनं मारावी तशी सरळ चीर, एकाला एक, दुसऱ्याला तीन. मोजली तर तेरा, म्हणजे खाली अजून दोन होती जी मला दिसलीच नव्हती. त्यातली तीन फुटली नव्हती, सुकून तपकिरी झालेली. माझी खळगीवाली कोणती ते ओळखता आलं नाही.

हळदीचं सांगायचं तर खताच्या दोन वाफ्यांत चार-चार पानं आहेत, नुसत्या मातीच्या वाफ्यांत दोन-तीन आणि रंग जरा फिका. पुढच्या आठवड्यात भर द्यायची आहे, तेव्हा हे उरलेलं सगळं त्या दोन वाफ्यांनाच घालणार. सासूबाई विचारत होत्या, टरफलं वेचून टाकायची का. मी म्हटलं राहू द्या, त्याचंही खतच होते.

पुसदचे दादा, अर्ध्या मापाच्या टाक्याला विटा किती लागतील ते सांगा. घरचे ट्रॅक्टर घेऊन हिंगणघाटला जाणार आहेत, सोबतच आणून घेते.